न्यू जर्सीत भावावर शॉपलिफ्टिंगची केस, कोर्टाची तारीख तीन आठवड्यांवर, प्लीज कोणीतरी सांगा काय करायचं

अबोली_र:

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय इथे, दोन रात्री झोप नाहीये त्यामुळे काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २३, न्यू जर्सीत एमएस करतोय, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर आहे, दुसरं सेमिस्टर चालू आहे. गेल्या शनिवारी एका मोठ्या स्टोअरमध्ये गेला होता, सेल्फ चेकआउटला सामान स्कॅन केलं, पैसे कार्डाने भरले आणि बाहेर पडताना दारातच त्यांच्या सिक्युरिटीवाल्यांनी अडवलं. पिशवीत दोन वस्तू अशा निघाल्या ज्या बिलात नव्हत्या, दोन्ही मिळून ६४ डॉलरच्या. तो म्हणतोय की फोनवर बोलत होतो, स्कॅन झालं असं वाटलं, मुद्दाम नाही केलं. त्याला आतल्या एका खोलीत नेलं, तिथे एक कागद भरायला लावला ज्यात 'मी पैसे न देता वस्तू घेतल्या' असं काहीतरी लिहिलेलं होतं, आणि घाबरून त्याने सही केली. मग पोलीस आले, नंतर ठाण्यात फिंगरप्रिंट घेतले, समन्स हातात दिलं आणि सोडलं. म्युनिसिपल कोर्टाची तारीख तीन आठवड्यांनी आहे.

त्याचे रूममेट म्हणतायत छोटी केस आहे, जाऊन गिल्टी म्हण, दंड भर, विषय संपव. वकिलाचे पैसे कशाला घालवतोस. पण मला कुठेतरी आतून वाटतंय की हे इतकं सोपं नसणार. आईबाबांना अजून काही सांगितलेलं नाही. त्याचा व्हिसा जाईल का, कॉलेजमधून काढतील का, पुढे नोकरी मिळेल का, डोक्यात नुसता गोंधळ आहे. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

---

पाऊलवाट:

अबोलीताई, आधी एक पाणी प्या आणि शांत बसा. भाऊ घरी आहे, आत नाहीये, हे आज महत्त्वाचं.

मी स्वतः न्यू जर्सीतच एडिसनजवळ राहतो, बारा वर्षं झाली. माझ्या ओळखीत अशी एक केस झाली होती, त्या मुलाने जाऊन दंड भरला आणि सुटला, कोणी काही विचारलं नाही. ६४ डॉलर म्हणजे २०० च्या आत, त्यामुळे इथल्या कायद्यात तो क्राइम पण नाही, त्याला डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स, म्हणजे किरकोळ अपराध म्हणतात. शिवाय कंडिशनल डिसमिसल नावाचा प्रोग्रॅम आहे पहिल्यांदा चुकलेल्यांसाठी, वर्षभर नीट राहिलं की केस डिसमिस. त्यामुळे माझ्या मते तोच घ्यावा आणि अभ्यासाला लागावं. उगाच ताणू नका.

---

कोर्टाची_पायरी:

पाऊलवाट दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय पण हा सल्ला एफ-१ वरच्या मुलाला देऊ नका, कळकळीने सांगतेय. मी गेली नऊ वर्षं क्रिमिनल डिफेन्स करणाऱ्या ऑफिसमध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कामातली मदतनीस आहे, अमेरिकेतच. मी वकील नाही, इथे लिहिलेलं कायदेशीर सल्ला म्हणून धरू नका, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं ते तरी कळेल.

न्यू जर्सीच्या म्युनिसिपल कोर्टातल्या कंडिशनल डिसमिसलमध्ये शिरायचं तर आधी गिल्टी प्ली, म्हणजे कोर्टात गुन्ह्याची कबुली, द्यावी लागते किंवा कोर्टाने दोषी ठरवावं लागतं. मग एक वर्ष देखरेख, आणि सगळं नीट झालं की राज्याच्या हिशोबात केस डिसमिस. अमेरिकन नागरिकाला हे वरदान आहे. पण इमिग्रेशनच्या कायद्यात कन्व्हिक्शनची, म्हणजे दोषी ठरण्याची, व्याख्या वेगळी आहे, तिथे गिल्टी म्हटलं आणि त्यासोबत कोर्टाने कुठलीही शिक्षा किंवा बंधन घातलं की ते कन्व्हिक्शन, मग राज्याने नंतर डिसमिस करो नाहीतर रेकॉर्ड पुसो. म्हणजे मुलगा समजत असतो की माझी पाटी कोरी झाली आणि पाच वर्षांनी ग्रीन कार्डच्या वेळी तेच समोर येतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही अनेकदा, आणि प्रत्येक वेळी तो माणूस हेच म्हणतो की मला कोणी सांगितलंच नाही.

वाईट ह्याचं वाटतं की मोठ्या गुन्ह्यांसाठी वरच्या कोर्टात जो प्रीट्रायल इंटरव्हेन्शन नावाचा खटल्याऐवजी देखरेखीचा प्रोग्रॅम असतो त्याला बहुतेक वेळा गिल्टी प्ली लागत नाही, आणि ह्या छोट्या केसला लागते. त्यामुळे 'छोटी केस आहे' हे वाक्यच मुलांना खड्ड्यात घालतं.

आता ताई तुमच्यासाठी. पहिल्या तारखेला 'नॉट गिल्टी' म्हणायचं. ह्यात खोटं बोलणं काही नाही, त्याचा अर्थ फक्त एवढाच की आरोप सिद्ध करा. सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची आहे, वाजवी शंकेला जागा उरू नये इतकं. आणि चोरीत नुसती वस्तू पिशवीत सापडणं पुरत नाही, हेतू लागतो. विसरून स्कॅन न होणं ही चूक आहे, चोरी नाही. हां, न्यू जर्सीच्या कायद्यात एक गोष्ट विरोधात जाते, वस्तू मुद्दाम लपवलेली दिसली तर हेतू होता असं प्रथमदर्शनी धरता येतं. म्हणून व्हिडिओत काय दिसतंय ह्यावर बरंच काही ठरतं. स्कॅनरवरून हात फिरवला का, बाकी सामान स्कॅन केलं का, वस्तू उघड्यावर पिशवीत ठेवली की जॅकेटमध्ये, फोन कानाला होता का.

तो व्हिडिओ स्टोअर कायमचा ठेवत नाही. वकिलाने पहिल्याच आठवड्यात 'हे फुटेज जपून ठेवा' असं लेखी पत्र पाठवायला हवं. कार्डाचं स्टेटमेंट, बिल, त्या वेळचा कॉल लॉग, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवायला सांगा. त्या दिवशी त्याने जे सामान पैसे देऊन घेतलं ते किती होतं हेही बघा, कारण जो माणूस बऱ्याच वस्तूंचे पैसे कार्डाने भरून स्वतःच्या नावाची पावती घेतो त्याने दोन वस्तू मुद्दाम चोरल्या असं म्हणणं जरा जड जातं.

सही केलेल्या कागदाबद्दल नंतर लिहिते, जेवणाची सुट्टी संपली.

---

पाऊलवाट:

कोर्टाची_पायरी, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी ज्या मुलाचं सांगितलं तो सिटिझन होता, इथेच जन्मलेला, तो फरक माझ्या लक्षातच आला नाही. अबोलीताई, माझं वरचं ऐकू नका. ठेवतोय तसंच, म्हणजे पुढे कोणी वाचेल त्याला खालचं उत्तरही दिसेल.

---

समुद्रपक्षी:

मी ह्यातून गेलोय म्हणून लिहितो. राज्य वेगळं होतं, तेव्हा मी मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला. आणि मी खोटं नाही बोलणार, मी खरंच घेतली होती वस्तू. पैसे होते खिशात, तरी घेतली. आजपर्यंत मला नीट सांगता आलेलं नाही का ते.

हे सांगायचं कारण असं की अबोलीताई, तुमच्या भावाने खरं काय केलं ते तुम्हाला, मला, ह्या फोरमला कळायची गरज नाही. पण वकिलाला मात्र त्याने शंभर टक्के खरं सांगायला हवं. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं, तो कबुलीही दिली तरी केस लढू शकतो, पुरावा तपासू शकतो, चांगली तडजोड मिळवू शकतो. वकिलाला अर्धवट सांगितलं आणि व्हिडिओत वेगळंच निघालं तर मग पंचाईत. मी पहिल्या वकिलाशी खोटं बोललो होतो आणि त्यात दोन महिने वाया गेले.

दुसरं म्हणजे रूममेटना, लॅबमेटना, ग्रुपवर, कुठेही ह्याबद्दल लिहू नको म्हणावं. त्यांना साक्षीला बोलावता येतं, चॅट वाचता येतात. माझ्या एका मेसेजचा, ज्यात मी नुसतं 'मूर्खपणा केला' लिहिलं होतं, तो केवढा विषय झाला.

आणि तिसरं, त्याला एकटं सोडू नका. रोज फोन करा. मी त्या काळात अठरा अठरा तास झोपायचो, क्लासला जायचो नाही, आणि क्लासला न जाणं हे एफ-१ ला केसपेक्षाही लवकर बुडवतं, कारण फुल टाइम एनरोलमेंट गेली की स्टेटस गेलं. युनिव्हर्सिटीत काउन्सेलिंग सेंटर असतं, तिथे जाऊ दे.

---

कोर्टाची_पायरी:

परत आले. सही केलेला कागद. स्टोअरचे सिक्युरिटीवाले पोलीस नसतात, त्यामुळे 'तुला गप्प राहायचा हक्क आहे' हे सांगायचं बंधन त्यांच्यावर नसतं, आणि त्यांच्यासमोर दिलेली कबुली साधारणपणे पुरावा म्हणून वापरता येते. पण कबुली होती म्हणजे खेळ संपला असं अजिबात नाही. किती वेळ खोलीत बसवलं, दार बंद होतं का, सही केली नाही तर पोलीस बोलावू अशी धमकी दिली का, कागद वाचायला वेळ दिला का, हे सगळं वकील विचारेल. दुकानाला संशयिताला वाजवी वेळ आणि वाजवी पद्धतीने थांबवून ठेवायचा अधिकार असतो, त्याच्यापुढे नाही. भावाला आत्ताच, आठवण ताजी असताना, सगळा घटनाक्रम लिहून काढायला सांगा, वर 'माझ्या वकिलासाठी' असं लिहून, आणि तो कागद दुसऱ्या कोणाला दाखवायचा नाही.

थोड्या दिवसांत त्याला स्टोअरच्या वतीने एखाद्या वकिलांच्या फर्मचं पत्र येईल पैसे मागणारं. घाबरू नका. तो दिवाणी मामला आहे, ते पैसे भरले म्हणून क्रिमिनल केस मिटत नाही आणि नाही भरले म्हणून लगेच अटक होत नाही. उत्तर द्यायच्या आधी वकिलाला दाखवा. आणि त्या स्टोअरमध्ये परत पाऊल ठेवू नये. अशा वेळी बऱ्याचदा प्रवेशबंदीचा कागद पण हातात देतात, तो मोडला तर वेगळा गुन्हा.

तारीख चुकवायची नाही, ताप असला तरी नाही. गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं, आणि मग ६४ डॉलरचा विषय बाजूला राहून वॉरंटचाच विषय होतो.

---

नकाशातलागाव:

मी इमिग्रेशन बाजूने थोडं लिहितो, ह्याच क्षेत्रात काम आहे.

इमिग्रेशन कायद्यात एक प्रकार आहे, क्राइम इन्व्हॉल्विंग मॉरल टर्पिट्यूड, मराठीत म्हणायचं तर नीतिमत्तेला काळिमा फासणारा गुन्हा. चोरी साधारणपणे त्यातच मोडते, रक्कम कितीही छोटी असो. आता दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात. एक, देशातून काढता येतं का. तिथे नियम असा की प्रवेशापासून ५ वर्षांच्या आत केलेला असा गुन्हा, आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल तर. दोन, पुन्हा आत येऊ देतील का, व्हिसा देतील का. तिथे पेटी ऑफेन्स एक्सेप्शन नावाची सूट आहे, आयुष्यात असा एकच गुन्हा असेल, जास्तीत जास्त शक्य शिक्षा एक वर्षाच्या वर नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा ६ महिन्यांच्या वर दिलेली नसेल तर ती लागू होते. न्यू जर्सीत २०० डॉलरच्या आतल्या शॉपलिफ्टिंगला जास्तीत जास्त ६ महिने आहेत, म्हणजे वाईटातल्या वाईट शक्यतेतही थोडी जागा शिल्लक आहे. ताई, हे वाचून जरा श्वास घ्या.

शिक्षेत एका दिवसाचा फरकही किती मोठा असतो बघा, कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये मिसडिमीनरची, म्हणजे छोट्या गुन्ह्यांची, जास्तीत जास्त शिक्षा ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली, मुख्यतः ह्याच कारणासाठी की छोट्या गुन्ह्यापायी कोणी देशाबाहेर जाऊ नये. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या कोणाचा अनुभव जसाच्या तसा लावू नका. टेक्सासमध्ये आकडे वेगळे, इलिनॉयमध्ये वेगळे.

पण, आणि हा पण मोठा आहे, व्हिसा रद्द करायला कन्व्हिक्शन लागत नाही. नुसत्या अटकेवरून परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. एप्रिल २०२५ मध्ये तर हजारो विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतल्या नोंदी, पोलिसांच्या डेटाबेसशी नावं जुळवून बंद केल्या होत्या, त्यात केस डिसमिस झालेली मुलंसुद्धा होती. बरेच जण कोर्टात गेले, न्यायाधीशांनी स्थगिती दिल्या आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी परत चालू करत असल्याचं सांगितलं. जुलै २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने जाहीर पोस्ट टाकून सांगितलं की चोरी, मारहाण, घरफोडी केली तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढेही मिळणार नाही असं होऊ शकतं. त्यामुळे भावाने केस संपेपर्यंत आणि इमिग्रेशन वकील हो म्हणेपर्यंत देशाबाहेर पडू नये. भारतात लग्न असो, कोणी आजारी असो, आधी वकील मग तिकीट. ईमेल रोज तपासावा, स्पॅम पण, कारण रद्द केल्याची सूचना बऱ्याचदा ईमेलनेच येते.

२०१० चा पडिया विरुद्ध केंटकी हा निकाल लक्षात ठेवा. होजे पडिया ४० वर्षं कायदेशीर अमेरिकेत राहिलेला माणूस, त्याला त्याच्याच वकिलाने सांगितलं की इतकी वर्षं राहिलायस, इमिग्रेशनची काळजी नको, म्हणून त्याने गिल्टी म्हटलं आणि डिपोर्टेशनची वेळ आली. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की गिल्टी प्लीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे सांगणं बचाव वकिलाचं कामच आहे. म्हणून पहिल्या भेटीत सरळ विचारा, तुम्ही इमिग्रेशन वकिलाशी बोलून प्ली ठरवणार का. गोंधळलेलं उत्तर आलं तर दुसरा वकील बघा.

---

अबोली_र:

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. मी रडत रडत वाचलं सगळं आणि भावाला वाचून दाखवलं फोनवर.

तीन प्रश्न राहिले. वकील परवडेल की नाही माहीत नाही, शिक्षणासाठी कर्ज काढलंय, हप्ते अजून सुरू व्हायचेत. युनिव्हर्सिटीला आपणहून सांगायचं का. आणि कोणीतरी म्हणालं की लेकन रायली नावाचा नवीन कायदा आलाय, त्यात चोरीचा नुसता आरोप असला तरी डिटेन्शनमध्ये टाकतात, ते खरं आहे का?

---

नकाशातलागाव:

लेकन रायली ॲक्ट २९ जानेवारी २०२५ ला सही झाला. त्यात चोरी, शॉपलिफ्टिंगचा आरोप किंवा अटक असली तरी सक्तीने डिटेन्शन आहे हे खरं, पण तो मुख्यतः तपासणीशिवाय किंवा वैध कागदपत्रांशिवाय आत आलेल्यांना आणि फसवणूक करून आलेल्यांना लागू होतो. रीतसर एफ-१ वर येऊन स्टेटस सांभाळणारा मुलगा त्याचा रोख नाही. तरीही हा प्रश्न लिहून न्या इमिग्रेशन वकिलाकडे, त्यांच्या तोंडून ऐकलं की झोप लागेल.

---

कोर्टाची_पायरी:

पैशाचं. बऱ्याच युनिव्हर्सिटींमध्ये स्टुडंट लीगल सर्व्हिसेस असतात, फीमध्येच धरलेल्या. काही ठिकाणी ते कोर्टात उभे राहत नाहीत पण फुकट बोलतात, चांगल्या वकिलांची नावं देतात. तिथून सुरुवात करा. परवडतच नसेल तर कोर्टाकडे पब्लिक डिफेंडरसाठी, म्हणजे कोर्टाने नेमून दिलेल्या वकिलासाठी, अर्ज करता येतो, पहिल्या तारखेलाच न्यायाधीशांना सांगायचं की मला वकील हवाय पण परवडत नाही. पब्लिक डिफेंडर म्हणजे कमी दर्जाचा वकील असं आपल्याकडे वाटतं, ते चूक आहे, त्याच कोर्टात रोज उभे राहतात, प्रॉसिक्युटरला, म्हणजे सरकारी वकिलाला, ओळखतात. फक्त इमिग्रेशनचा सल्ला वेगळा घ्यावा लागेल, एका तासाची कन्सल्टेशन असली तरी घ्या. सगळी बचत करा पण ह्या एका तासात नको.

वकील काय मिळवायचा प्रयत्न करेल तर आधी केस पूर्ण डिसमिस, स्टोअरचा साक्षीदार आलाच नाही किंवा व्हिडिओत हेतू दिसला नाही तर ते होऊ शकतं. नाहीतर चोरीचा शब्दच नसलेल्या एखाद्या स्थानिक नियमभंगावर आरोप खाली आणायचा, तेही प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही आणि ते नेमकं काय शब्दांत लिहिलंय हे इमिग्रेशन वकिलाने वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

युनिव्हर्सिटीचं समुद्रपक्षी सांगतील का, मी त्या बाजूला कमी असते.

---

समुद्रपक्षी:

हो. वकिलाला विचारल्याशिवाय कोणाला काही सांगू नये, इंटरनॅशनल ऑफिसमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे डीएसओलासुद्धा नाही. डीएसओ माणूस म्हणून कितीही चांगला असला तरी तो तुमचा वकील नाही, त्याला सांगितलेलं वकिलाला सांगितल्यासारखं गुप्त नसतं. काही युनिव्हर्सिटींच्या नियमात अटक झाली तर अमुक दिवसांत कळवा असं असतं, म्हणून त्याने आपलं स्टुडंट कोड, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची नियमावली, आजच डाउनलोड करून वकिलाला द्यावं.

मला स्टुडंट कंडक्ट ऑफिसचा ईमेल आला होता कारण घटना कॅम्पसबाहेरची असूनही त्यांच्या नियमात बसत होती. तिथली सुनावणी कोर्टापेक्षा वेगळी, तिथे वाजवी शंका वगैरे नसतं, बऱ्याच ठिकाणी झालं असण्याची शक्यता जास्त वाटली तरी पुरतं. आणि तिथे जे बोलाल ते क्रिमिनल केसमध्ये वापरलं जाऊ शकतं. माझ्या दुसऱ्या वकिलाने त्यांना लिहिलं की कोर्टातली केस संपेपर्यंत सुनावणी पुढे ढकला, आणि त्यांनी ढकलली. नंतर मला प्रोबेशन मिळालं, काढलं नाही. डिग्री झाली, आज नोकरी करतोय.

आईबाबांना सांगा. मी चार महिने लपवलं आणि त्यांना तिसऱ्याकडून कळलं, ती गोष्ट माझ्या बाबांना केसपेक्षा जास्त लागली.

---

अबोली_र:

अपडेट. काल रात्री बाबांना सांगितलं. पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले त्याला फोन लाव. भावाशी ओरडले नाहीत, फक्त विचारलं जेवलास का. तो तिकडे रडायला लागला.

युनिव्हर्सिटीच्या लीगल सर्व्हिसेसने एका वकील बाईंचं नाव दिलं, त्या इमिग्रेशन वकिलासोबत मिळून काम करतात. मी कंडिशनल डिसमिसलबद्दल विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, नको, तुमच्या भावासाठी नको. म्हणजे कोर्टाची_पायरी ताई, तुमचं एक एक वाक्य खरं निघालं. फुटेज जपायचं पत्र आजच गेलं. कॉल लॉगमध्ये त्या वेळचा अकरा मिनिटांचा कॉल आहे, माझाच. मीच बोलत होते त्याच्याशी.

---

कोर्टाची_पायरी:

तुमच्या फोनमधला कॉल लॉगही जपून ठेवा आणि वकिलांना सांगा की पलीकडे तुम्ही होतात, पण काय बोलणं झालं ते इथे लिहू नका, त्यांनाच सांगा. केस संपेल तेव्हा, कशीही संपो, कोर्टाकडून निकालाची शिक्का मारलेली प्रमाणित प्रत घ्या, एक नाही चार पाच. पुढे व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये कधी अटक झाली होती का हा प्रश्न येतो, केस डिसमिस झाली असली तरी येतो. त्याचं उत्तर काय लिहायचं ते ह्याच वकिलांकडून लेखी घेऊन ठेवा, अंदाजाने 'नाही' लिहू नका, कारण तिथे चुकीचं लिहिलेलं हे चोरीच्या केसपेक्षा अवघड होऊन बसतं. तारखेच्या दिवशी काय झालं ते कळवा, मी इथे बघत राहीन.